एक वकील, पाच आरोपी: मेजर थॉमसने घेतलेलं वकीलपत्र

मेजर जेम्स फ्रान्सिस थॉमसचं नाव निघालं की हळहळ व्यक्त होते ती वेळेबद्दल. खुनाचे आरोप, मृत्युदंडाची टांगती तलवार, आणि बचावाच्या वकिलाला तयारीसाठी जेमतेम एक दिवस. ही हळहळ रास्तच आहे. पण बोअर युद्धात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे बोअर आणि ब्रिटिश यांच्यातल्या युद्धात, शरण आलेल्या बोअरांना मारल्यावरून ब्रिटिश बाजूच्याच अधिकाऱ्यांवर चाललेल्या १९०२ सालच्या या कोर्ट मार्शलचं, म्हणजे लष्करी खटल्याचं, प्रकरण बारकाईने वाचलं की दुसरीच गोष्ट जास्त सलते. आरोपी पाच होते आणि त्या पाचांना मिळून वकील एकच होता. हे ओझं थॉमसवर कुणी लादलं नव्हतं. त्याने ते स्वतःहून, चांगुलपणाने उचललं. तो निव्वळ वकील असता तर बहुधा थांबला असता, दोनदा विचार केला असता. तो लष्करी अधिकारीही होता, आणि अधिकाऱ्याला आपली माणसं वाऱ्यावर सोडवत नाहीत.

हा अभ्यास त्या एका निर्णयाचा आहे.

टेंटरफील्डचा सॉलिसिटर

थॉमसचा जन्म १८६१ चा, सिडनीजवळच्या सेंट मेरीजचा. शिक्षण पॅरामाटाच्या किंग्ज स्कूलमध्ये. सॉलिसिटर होऊन त्याने न्यू साउथ वेल्सच्या उत्तर टोकाला, क्वीन्सलंडच्या सीमेजवळ टेंटरफील्ड या गावात बस्तान बसवलं. याच गावात २४ ऑक्टोबर १८८९ रोजी हेन्री पार्क्स यांनी सगळ्या ऑस्ट्रेलियन वसाहतींनी एक व्हावं असं आवाहन करणारं प्रसिद्ध भाषण केलं होतं. थॉमस त्याच विचाराचा. वकिलीबरोबर त्याने ‘टेंटरफील्ड स्टार’ हे स्थानिक वर्तमानपत्रही चालवलं.

अशा गावातल्या सॉलिसिटरचं काम काय, हे लक्षात घेतलं पाहिजे. तिथल्या कायद्याच्या परंपरेत सॉलिसिटर आणि बॅरिस्टर या दोन वेगळ्या वाटा. मृत्युपत्रं, जमिनीचे दस्त, गहाणखतं, वारसांची भांडणं, लहानसहान कोर्टातली कामं हे सॉलिसिटरचं क्षेत्र. खुनाच्या खटल्यात उभं राहून साक्षीदाराची उलटतपासणी घेणं हा बॅरिस्टरचा प्रांत. थॉमस हुशार होता, प्रामाणिक होता, पण ज्या कामासाठी पुढे त्याला उभं राहावं लागलं त्या कामात त्याचा हात बसलेला नव्हता.

त्याच्या आयुष्याची दुसरी बाजू नागरी सैन्याची. बोअर युद्ध सुरू झाल्यावर १९०० साली न्यू साउथ वेल्सच्या ‘सिटिझन्स बुशमेन’ या घोडदळी तुकडीतून तो कॅप्टन म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एलँड्स नदीवरच्या छावणीला बोअर सेनापती डे ला रे याने वेढा घातला. आत साधारण पाचशे माणसं, त्यात तीनशेच्या आसपास ऑस्ट्रेलियन, बाकी बहुतेक ऱ्होडेशियन. बाहेर त्यांच्या कित्येक पट बोअर आणि त्यांच्या तोफा. कातळासारखी कडक जमीन खणून ही माणसं ४ ते १६ ऑगस्ट तग धरून राहिली. शरण या, सुखरूप जाऊ देतो, हा डे ला रेचा निरोप त्यांनी नाकारला. छावणीतले घोडे, खेचरं, गुरं तोफगोळ्यांनी शेकड्यांनी मेली. शेवटी मोठी फौज घेऊन वेढा उठवायला आला तो ब्रिटिश सेनापती लॉर्ड किचनर. दीड वर्षाने याच किचनरच्या दारात थॉमसला दोन माणसांचे प्राण मागायला जावं लागणार होतं.

एलँड्स नदीचा उल्लेख मी शौर्यगाथा म्हणून करत नाही. बुशमेन म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या रानावनात वाढलेले, घोड्यावर पक्के, शिस्तीला जरा कच्चे स्वयंसेवक. त्यांच्याबरोबर एका खंदकात बारा-तेरा दिवस काढलेला माणूस त्यांच्याकडे नुसते अशील म्हणून पाहू शकत नाही. थॉमसच्या पुढच्या वागण्याचं मूळ मला इथे दिसतं.

उत्तर ट्रान्सवालमध्ये काय घडलं

१९०१ च्या सुरुवातीला युद्धाचं रूप पालटलेलं होतं. मोठ्या लढाया संपल्या होत्या. बोअर टोळ्या छापे घालत, आगगाड्या उलथवत. ब्रिटिश शेतं जाळत आणि बायकामुलांना छळछावण्यांत कोंबत. या काळात दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेकडच्या ट्रान्सवालमध्ये, पीटर्सबर्ग गावाच्या उत्तरेकडच्या भागासाठी, ‘बुशवेल्ट कार्बिनियर्स’ नावाची अनियमित, म्हणजे कायम सैन्याबाहेरची, तुकडी उभारली गेली. तिचा प्रमुख मेजर रॉबर्ट लेनेहन. तोही ऑस्ट्रेलियन, आणि योगायोग असा की तोही सिडनीचा सॉलिसिटर.

तुकडीतले बाकीचे चेहरे असे. हॅरी मॉरंट: इंग्लंडमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियात घोडे वठणीवर आणण्यात तरबेज, म्हणून ‘ब्रेकर’ हे टोपणनाव, सिडनीच्या ‘बुलेटिन’मध्ये त्याच्या कविता छापून येत. पीटर हँडकॉक: बाथर्स्ट भागातला लोहार, घोड्यांना नाल मारणारा. जॉर्ज विटन: व्हिक्टोरियाचा, सत्तावीस वर्षांचा, या आघाडीवर नुकताच दाखल झालेला. हेन्री पिक्टन: इंग्रज. आणि कॅप्टन पर्सी हंट, मॉरंटचा जिवलग मित्र.

ऑगस्ट १९०१ च्या पहिल्या आठवड्यात डायवल्सक्लूफजवळ एका शेतघरावर छापा घालताना हंट मारला गेला. त्याच्या मृतदेहाची विटंबना झाली असं मॉरंटच्या कानावर आलं. त्यानंतर मॉरंट पिसाळला. व्हिसर नावाचा जखमी बोअर हाती लागला, त्याच्या अंगावर हंटचे कपडे सापडले असं सांगण्यात आलं. घाईघाईने अधिकाऱ्यांची एक बैठक भरवून त्याला ‘दोषी’ ठरवण्यात आलं आणि चालताही न येणाऱ्या त्या माणसाला गोळ्या घातल्या गेल्या. २३ ऑगस्टला शरण आलेल्या आठ बोअरांना रस्त्याकडेला उभं करून मारलं. त्याच दिवशी त्या कैद्यांशी बोललेला बर्लिन मिशनचा जर्मन पाद्री डॅनियल हीसे वाटेत गोळी घातलेल्या अवस्थेत मेला. सप्टेंबरमध्ये आणखी तिघं: एक बाप आणि त्याचे दोन मुलगे.

या तिघांपाशी थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या शंभर वर्षांच्या चर्चेत मॉरंटच्या कवितांना आणि त्याच्या मरणाला जेवढी जागा मिळाली त्याच्या एक दशांशही या बाप-मुलांना मिळाली नाही. त्यांच्या हातात शस्त्र उरलं नव्हतं. ते शरण येत होते.

तक्रार कुणी केली हेही विसरलं जातं. ती लंडनहून आली नाही, बोअरांकडूनही नाही. ऑक्टोबर १९०१ मध्ये याच तुकडीतल्या पंधरा सैनिकांनी सही करून पीटर्सबर्गच्या लष्करी प्रमुखाला, कर्नल हॉलला, पत्र दिलं. त्यांत ऑस्ट्रेलियनही होते. आपल्याच अधिकाऱ्यांविरुद्ध, युद्ध चालू असताना, लेखी. असं पत्र लिहायला केवढं धैर्य लागलं असेल! त्या पत्रावरून धरपकड झाली, चौकशी बसली. आरोपींना एकमेकांपासून वेगळं, एकांतवासात ठेवलं गेलं ते साधारण तीन महिने. घरी कळवायची सोय नाही, वकिलाशी बोलायची सोय नाही. आणि खटला उभा राहीपर्यंत कर्नल हॉलची बदली हिंदुस्थानात झालेली होती, म्हणजे त्या भागात कोणते हुकूम चालत होते हे सांगू शकणारा एक महत्त्वाचा माणूस साक्षीला मिळण्याची शक्यताच मावळली.

वकीलपत्र

थॉमस पीटर्सबर्गला आला तो लेनेहनसाठी. लेनेहनवरचा आरोप तुलनेने हलका होता: आपल्या हाताखाली काय घडलं ते वर कळवलं नाही. पण तिथे पोचल्यावर त्याला दिसलं की मॉरंट, हँडकॉक, विटन आणि पिक्टन यांना वकीलच नाही. आरोपपत्रं त्यांच्या हाती नुकतीच पडली होती. १६ जानेवारी १९०२ रोजी कोर्ट बसणार होतं. थॉमसने चौघांचंही वकीलपत्र घेतलं.

इथे त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावं. परक्या मुलखात, आपल्याच देशाची माणसं, समोर ब्रिटिश अधिकाऱ्यांचं न्यायपीठ, आणि बचावासाठी बोलायला दुसरं कुणी नाही. “मी फक्त लेनेहनचा वकील, तुमचं तुम्ही बघा,” असं म्हणून पाठ फिरवणं कुठल्या अधिकाऱ्याला जमलं असतं? मला तरी थॉमसला दोष देववत नाही.

पण दोष देणं वेगळं आणि परिणाम ओळखणं वेगळं. वकिलीचा अगदी प्राथमिक नियम आहे: ज्यांचं हित एकमेकांच्या विरुद्ध जातं अशा दोघांसाठी एकाच वकिलाने उभं राहू नये. तो पाळायचा तो अशिलाच्या भल्यासाठी. वकिलाची सोय-गैरसोय त्यात दुय्यम. या पाच जणांचं हित एका दिशेला जात होतं का? मुळीच नाही.

लेनेहनच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित बचाव असा: मला काही कळवलंच गेलं नाही, जे केलं ते मॉरंटने परस्पर केलं. मॉरंटचा बचाव याच्या नेमका उलटा: आम्ही जे केलं ते वरच्यांना ठाऊक होतं, वरूनच हुकूम होता. पिक्टनने व्हिसरला मारायला विरोध केला होता, पण गोळीबार करणाऱ्या तुकडीवर नेमला गेला तोच. म्हणजे त्याचा बचाव: मी नको म्हणत होतो, मॉरंटने ऐकलं नाही. हँडकॉकचा बचाव: मी शिकलेला नाही, मला सांगितलं ते मी केलं. आणि विटनचा तर पूर्णपणे मॉरंटच्या अंगावर जाणारा: मी नवखा, माझ्या वरच्या अधिकाऱ्याने सांगितलं की असा हुकूम आहे, मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

यातले किमान तीन बचाव पूर्ण ताकदीने मांडायचे तर मॉरंटला साक्षीदाराच्या जागी उभं करून त्याची निर्दय उलटतपासणी घ्यावी लागते. ती कोण घेणार? थॉमस मॉरंटचाही वकील होता.

हुकुमाचा बचाव आणि त्यातली भगदाडं

मग थॉमसने जो बचाव उभा केला तो पाचांनाही एकत्र बांधून ठेवू शकेल असा: कैदी न ठेवण्याचा हुकूम वरून आला होता. हंटने तो किचनरच्या मुख्यालयातून आणला असं मॉरंट सांगत होता. हंट मेला होता. मग उरला किचनरचा लष्करी सचिव, कर्नल ह्युबर्ट हॅमिल्टन. त्याच्या साक्षीसाठी कोर्ट प्रिटोरियाला हलवण्यात आलं. हॅमिल्टनने सांगितलं की असा हुकूम मी हंटला कधीच दिला नाही. हा बचाव तिथेच खचला.

थॉमसचे इतर मुद्दे बिनमहत्त्वाचे नव्हते. अनियमित शत्रूशी अनियमित तुकडी लढत असताना नियमित लढाईचा मापदंड लावता येत नाही. शत्रूने युद्धाचे संकेत मोडले तर प्रतिशोधाला मुभा असते. इतर तुकड्यांनीही अशाच गोष्टी केल्या. पण हे सगळे मुद्दे पुन्हा सामूहिक. कुणी काय केलं, कुणाला काय माहीत होतं, कुणाला नकार देता आला असता, हे वेगवेगळं करून कोर्टापुढे ठेवणारा बचाव त्यातून उभा राहत नाही.

शिवाय हुकुमाच्या बचावाला मॉरंटनेच सुरुंग लावला. हंट जिवंत असेपर्यंत मी कैदी आणत होतो, त्याबद्दल हंटची बोलणीही खाल्ली, पण हंट मेल्यावर मी तो हुकूम अमलात आणला, असं त्याचं म्हणणं होतं. हे ऐकताच कोणत्याही न्यायाधीशाच्या मनात एकच विचार येणार: मग हुकूम हे निमित्त होतं, खरं कारण सूड. आणि सप्टेंबरच्या शेवटी याच मॉरंटने टॉम केली नावाच्या बोअर पुढाऱ्याला जिवंत पकडून आणलं होतं. ही त्याची मोठी कामगिरी म्हणून बचावात सांगितली गेली, पण तिची धार दुहेरी आहे. मनात आणलं तर त्याला कैदी आणता येत होते.

विटनने पुढे लिहून ठेवलेला एक प्रसंग तर बचावाच्या वकिलाचं काळीज थांबवणारा आहे. व्हिसरच्या त्या तथाकथित न्यायसभेबद्दल मॉरंटला विचारलं गेलं, ती या कोर्टासारखी होती का, कुठल्या नियमाखाली त्याला मारलं? मॉरंट भडकला. आम्ही कायद्याची पुस्तकं घेऊन फिरत नव्हतो, आम्ही त्यांना पकडलं आणि ‘नियम ३०३’ खाली गोळ्या घातल्या, असं तो म्हणाला. पॉइंट ३०३ म्हणजे त्यांच्या रायफलीच्या गोळीचं माप. हे वाक्य पुढे ऑस्ट्रेलियात लोकांच्या तोंडी बसलं, बाणेदारपणा म्हणून त्याचं कौतुक झालं. पण आरोपीच्या बाकावर त्याच्या शेजारी बसलेल्या विटनचा विचार करा. त्याच्या सुटकेची सगळी भिस्त ‘आम्हाला वाटलं हा कायदेशीर हुकूम आहे’ यावर होती, आणि त्याचा वरिष्ठ भर कोर्टात कायद्याचीच खिल्ली उडवत होता. विटनला स्वतंत्र वकील असता तर तो त्याच क्षणी उठला असता आणि त्याने विचारलं असतं: हे तुम्ही विटनला तेव्हा सांगितलं होतंत का? की त्याला सांगितलंत की हुकूम मुख्यालयाचा आहे? त्या एका प्रश्नाच्या उत्तराने विटनचं पारडं फिरू शकलं असतं.

विटनला काय मिळू शकलं असतं

हे निव्वळ कल्पनारंजन नव्हे. याच युद्धात, १९०० साली, केप कॉलनीच्या विशेष न्यायालयापुढे स्मिथ नावाच्या सैनिकाचा खटला चालला होता. अधिकाऱ्याने सांगितल्यावरून त्याने एका स्थानिक नोकराला गोळी घातली होती. कारण काय, तर लगाम आणून द्यायचं त्याने ऐकलं नाही. न्यायालयाने स्मिथला सोडलं. तत्त्व असं मांडलं गेलं की हुकूम उघडउघड, कुणालाही दिसेल इतका बेकायदा नसेल आणि सैनिकाने तो प्रामाणिकपणे कर्तव्य समजून पाळला असेल, तर त्याला संरक्षण मिळतं.

मरण पावलेल्या त्या नोकराच्या बाजूने पाहिलं तर हा निकाल अंगावर काटा आणतो, आणि पुढच्या शतकात हुकुमाच्या बचावाचा सगळा विचारच बदलला. पण १९०२ साली हा निकाल हाताशी होता. आणि तो मॉरंटच्या कामाचा नव्हता, कारण मॉरंट हुकूम देणारा होता. तो कामाचा होता विटनच्या आणि काही अंशी हँडकॉकच्या. ज्या वकिलाला मॉरंट आणि विटन यांच्यात रेघ ओढता येत नाही, त्याला हे हत्यार विटनसाठी पूर्ण उपसता येत नाही.

निकाल असे लागले. व्हिसर प्रकरणी मॉरंट खुनाचा दोषी. हँडकॉक, विटन आणि पिक्टन सदोष मनुष्यवधाचे. आठ जणांच्या प्रकरणी मॉरंट, हँडकॉक आणि विटन तिघंही खुनाचे दोषी. तिघांच्या प्रकरणी मॉरंट आणि हँडकॉक. पाद्री हीसेच्या खुनातून मॉरंट-हँडकॉक निर्दोष. लेनेहनला ठपका, पिक्टनची सैन्यातून हकालपट्टी. मृत्युदंडाबरोबर कोर्टाने दयेची शिफारसही जोडली होती.

किचनरने मॉरंट आणि हँडकॉकची शिक्षा कायम केली आणि विटनची जन्मठेपेत बदलली. का बदलली? ऑस्ट्रेलियन सरकारला नंतर पाठवलेल्या तारेत किचनरने कारण दिलं: विटन हा मॉरंट आणि हँडकॉकच्या प्रभावाखाली होता. म्हणजे जो युक्तिवाद कोर्टात विटनच्या वतीने सर्वांत मोठ्या आवाजात व्हायला हवा होता, तो शेवटी शिक्षा कायम करणाऱ्या सेनापतीने आपल्या मनाने केला. पण तोवर विटन खुनी ठरलेला होता.

शेवटचे चोवीस तास

शिक्षा २६ फेब्रुवारीला सांगण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे प्रिटोरियाच्या तुरुंगात कॅमेरॉन हायलँडर्सच्या तुकडीने ती अमलात आणली. मधल्या तासांत थॉमसने किचनरला गाठायचा प्रयत्न केला. राजाकडे दयेचा अर्ज जाईपर्यंत शिक्षा थांबवा एवढंच त्याचं मागणं होतं. किचनर मुख्यालयात नाहीत, बाहेर गेले आहेत, असं उत्तर मिळालं. तीन महिने कोठडीत ठेवलेल्या माणसांना मारण्यापूर्वी आठवडाभर थांबायला सैन्याला काय अडचण होती? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही. ऑस्ट्रेलियाचं संघराज्य होऊन जेमतेम वर्ष उलटलं होतं, आणि त्या नव्या सरकारला आपले दोन नागरिक मारले गेल्याचं नंतर कळलं.

वर्ष संपायच्या आत किचनर हिंदुस्थानचा सरसेनापती होऊन इकडे आला. खटल्याची मूळ कागदपत्रं आजतागायत सापडलेली नाहीत. आपल्याला जे तपशील ठाऊक आहेत ते बरेचसे त्या काळची वर्तमानपत्रं आणि विटनने १९०७ साली छापलेलं पुस्तक यांतून, आणि विटन स्वतः आरोपी होता हे वाचताना सतत ध्यानात ठेवावं लागतं.

थॉमस टेंटरफील्डला परतला तो आधीचा थॉमस राहिला नाही. त्याने लग्न केलं नाही. मॉरंट-हँडकॉकचा विषय त्याच्या मनातून गेला नाही. वकिली विस्कटली, पैशांचे व्यवहार बिघडले, उतारवयात तुरुंगाचीही पायरी चढावी लागली. १९४२ मध्ये टेंटरफील्डजवळ बूनू बूनू इथल्या आपल्या जागेवर तो वारला.

विटनची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. त्याच्या सुटकेसाठी ऑस्ट्रेलियात मोठी मोहीम झाली. पुढे ऑस्ट्रेलियाचे सरन्यायाधीश आणि गव्हर्नर जनरल झालेले आयझॅक आयझॅक्स यांनी फक्त विटनच्या बाजूने कायदेशीर अभिप्राय लिहिला. एकच अशील, एकच प्रकरण, स्वतंत्र विचार. १९०४ मध्ये विटन सुटला. माझ्या मांडणीला याहून ठळक पुरावा शोधायला नको.

१९२९ चं पत्र

सत्तावीस वर्षांनी, १९२९ साली, विटनने थॉमसला पत्र लिहिलं. पाद्री हीसेला हँडकॉकनेच मारलं, हँडकॉकने स्वतः माझ्यापाशी तसं कबूल केलं होतं, असं त्यात होतं. हे पत्र पुढे सिडनीच्या मिचेल ग्रंथालयात गेलं आणि १९७० पर्यंत मोहोरबंद राहिलं.

थॉमसने मिळवलेला एकमेव मोठा विजय म्हणजे हीसे प्रकरणातली निर्दोष सुटका. हँडकॉक त्या दिवशी दुसरीकडे होता असं दोन बोअर स्त्रियांच्या साक्षींतून त्याने कोर्टाच्या गळी उतरवलं होतं. वकील म्हणून त्यात त्याचं काही चुकलं नाही. पुराव्यातली फट शोधणं हेच त्याचं काम, आणि सरकारपक्षाला गुन्हा शाबीत करता आला नाही. पण थॉमस एवढ्यावर थांबलेला वकील नव्हता. त्याचा आपल्या माणसांवर विश्वास होता. निव्वळ वकिलाला असं पत्र आलं तर तो ते वाचून कपाटात ठेवतो. अशिलाने आपल्याला सगळं सांगितलं नाही, हे त्याला धंद्याने शिकवलेलं असतं. ज्या अधिकाऱ्याने सोबत्यांच्या शब्दाखातर हा खटला स्वतःच्या आयुष्यावर ओढून घेतला, त्याच्यासाठी हे पत्र म्हणजे विश्वासालाच बसलेला तडा.

विटनने हे १९०२ मध्ये का सांगितलं नाही, हा प्रश्नही पाच आरोपी आणि एक वकील याच व्यवस्थेपाशी येतो. ज्या वकिलाच्या हाती हँडकॉकचा जीव आहे त्याच्यापाशी विटन हँडकॉकविरुद्ध तोंड उघडेल कसा? समाईक वकिलापुढे प्रत्येक आरोपी इतरांना सांभाळून बोलतो.

आज या प्रकरणाकडे कसं पाहावं

१९०३ च्या ऑस्ट्रेलियन संरक्षण कायद्याने मृत्युदंड फितुरी, बंड, शत्रूला जाऊन मिळणं अशा मोजक्या गुन्ह्यांपुरता ठेवला आणि गव्हर्नर जनरलच्या मान्यतेशिवाय तो अमलात आणता येणार नाही असं ठरवलं. त्यामागे या प्रकरणाची सल किती होती यावर अभ्यासकांत वाद आहे. परिणाम मात्र स्पष्ट आहे: पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने आपल्या सैनिकांना गोळ्या घातल्या, ऑस्ट्रेलियन सैनिकांना शिक्षा ठोठावल्या गेल्या तरी एकाचाही जीव तशा शिक्षेने गेला नाही.

थॉमसचा वारसा पुढे चालवणारा जेम्स अंकल्स हाही वकील आणि ऑस्ट्रेलियन नौदलाच्या राखीव दलातला अधिकारी. त्याने मॉरंट, हँडकॉक आणि विटन या तिघांच्या माफीसाठी याचिका केली. ब्रिटिश सरकारने ती २०१० मध्ये फेटाळली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीगृहात या तिघांना ज्या पद्धतीने वागवलं गेलं त्याबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव मांडला गेला.

पुन्हा तिघं एकत्रच. या मागणीशी मी सहमत होऊ शकत नाही. मॉरंटची सुनावणी घाईची होती, अपील मिळायला हवं होतं, पण उत्तम वकील आणि सहा महिने मिळाले असते तरी शरण आलेल्या माणसांना मारल्याचा दोष त्याच्यावरून उतरला असता असं मला वाटत नाही. हँडकॉकचा प्रश्न अवघड आहे: १९०२ च्या पुराव्यावर तो हाताखालचा माणूस म्हणून जीवदान मागू शकत होता, १९२९ च्या पत्रानंतर त्याच्यासाठी बोलणं कठीण होतं. विटनच्या बाबतीत मात्र खुनाचा ठपका पुन्हा तपासायला हवा, आणि तो एकट्या विटनचा अर्ज म्हणून, बाकी दोघांना त्यात न गुंतवता.